हत्ताची शेळी आणि भाऊजींची पैज

आमच्या भाऊजींना सलग पाच मिनिटं चालताना पाहिलेला माणूस अल ऐनमध्ये शोधून सापडायचा नाही. मॉल असो, दवाखाना असो की भाजीचं दुकान, गाडी दाराला टेकायची तेवढी बाकी राहीपर्यंत ते पार्किंगमध्ये घिरट्या घालतात. मागे अख्खं मैदान मोकळं असतं, पण यांना हवी असते ती दारासमोरचीच जागा. ती मिळेपर्यंत एखाद्याची भाजी घेऊन, निवडून, फोडणीला टाकूनसुद्धा झाली असती. जानेवारीत मी तिथे तीन आठवडे राहिले, आणि त्यातला बराचसा काळ मी गाडीच्या खिडकीतून पार्किंगमधल्या त्याच त्या खजुराच्या झाडाकडे पुन्हा पुन्हा बघण्यात घालवला.

मी कुडाळला शिवणाचा क्लास चालवते. अक्का माझी थोरली बहीण. मी शाळेत होते तेव्हा ती नर्स म्हणून आखातात गेली आणि तीसेक वर्षं अल ऐनमध्येच राहिली. भाऊजी तिथल्या एका शाळेच्या बसगाड्यांचे सुपरवायजर. त्यांचा मुलगा ईशान तिथेच जन्मला, तिथेच वाढला आणि आता दुबईत, अल क्वोजमधल्या एका गोदामांच्या कंपनीत नोकरी करतो. येत्या उन्हाळ्यात अक्का आणि भाऊजी दोघंही निवृत्त होणार, व्हिसा संपणार आणि दोघांना कायमचं परत यायचं होतं. मी गेले सामान आवरायला मदत म्हणून, आणि पोचल्या दिवसापासून भांडण सोडवत बसले.

भांडण असं. भाऊजींचं गाव कुडाळपासून अर्ध्या तासावर. घर रस्त्यापासून बरंच वर, डोंगराच्या कुशीत, आणि रस्त्यावरून घरापर्यंत जांभ्या दगडाची उभी पाखाडी. पाखाडी म्हणजे आमच्याकडची पायऱ्यांची वाट, जिथे सायकलसुद्धा खांद्यावर घेऊन जावी लागते. अक्काला राहायचं होतं ते त्याच घरात. भाऊजींना हवा होता पुण्यात फ्लॅट, लिफ्टवाला. "रोज ती पाखाडी कोण चढणार? मला नाही जमणार," एवढं एकच वाक्य ते वर्षभर बोलत होते.

आता मी काही तटस्थ पंच नव्हते. गाव ठरलं तर अक्का माझ्यापासून अर्ध्या तासावर येणार होती. पुणं ठरलं तर पुन्हा सणासुदीला भेटी आणि बाकी वर्षभर फोन. तीसेक वर्षं मी माझ्या बहिणीला विमानतळावर आणायला आणि सोडायलाच जात आले आहे. मला ती जवळ हवी होती, आणि भाऊजींच्या आळसापायी ती मिळणार नाही म्हटल्यावर मला त्यांचा खरोखर राग येत होता.

(आम्ही घरात बोलतो ती मालवणी. इथे वाचणाऱ्यांसाठी मी ती सोपी करून लिहिते आहे. देवाशी बोललेलं मात्र आहे तसंच ठेवलंय, त्यात ढवळाढवळ नको.)

एका रात्री जेवताना, सुट्टीला घरी आलेला ईशान म्हणाला, "मॉम, थर्टी इयर्स राहिलात, अँड यू हॅव्हन्ट सीन हत्ता. इट्स क्रेझी."

हत्ता म्हणजे दुबईचाच एक तुकडा, पण दुबईपासून दूर, हजर डोंगरांत. तिथे धरणाचं तळं आहे, राखीव डोंगर आहे, पायवाटा आहेत आणि रानटी हरणं आहेत, असं ईशाननं सांगितलं.

"हरणं?" भाऊजी म्हणाले. "आपलं अल ऐन अबू धाबीतलं, आणि अबू धाबीचा अर्थ हरणाचा बाप असा सांगतात. तीस वर्षं मी बापाच्या घरी राहतोय, पण त्याचं पोर काही बघितलं नाही."

"बघायला गाडीतून उतरावं लागतं," अक्का म्हणाली.

त्यावर भाऊजींनी ताटावरून हात उचलला आणि सरळ पैजच लावली. हत्ताच्या डोंगरावर, तळं दिसतं त्या टोकापर्यंत ते स्वतःच्या पायांनी चढले, तर गाव. नाही चढले, तर पुणं. "खलास," ते म्हणाले, "पुन्हा ह्या विषयावर बोलायचं नाही."

अक्का लगेच कबूल झाली. मीही मनातल्या मनात कबूल झाले. वर्षभर अडून बसलेला माणूस आपण होऊन पैज का लावतो, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी एकीलाही पडला नाही.

मोरपंखी पाणी

शनिवारी निघालो. आधी लाल वाळू आणि उंट, मग एकाएकी डोंगर. आमच्या कोकणातला माणूस हे डोंगर बघतो तेव्हा पहिल्यांदा त्याला लाजच वाटते. झाड नाही, गवत नाही, अंगावर सूतभर कपडा नाही. नुसता तपकिरी, करडा, कुठे जांभळट खडक, आणि तो असा सुरकुतलेला की वाटावं, न इस्त्री करता ठेवून दिलाय. मी गाडीत तसं म्हटलं तर ईशान म्हणाला, "मावशी, इट्स जिऑलॉजी." असेल.

मग वळण आलं आणि खाली पाणी दिसलं. त्या उघड्या डोंगरांच्या मधोमध, कुणी सांडून ठेवल्यासारखं, मोरपंखी पाणी. मी आयुष्यभर कापडाच्या दुकानांत ठाणं उलगडत आले आहे. हा रंग मला कुठल्याच ठाणात मिळाला नव्हता. अक्कानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

भाऊजींनी इथेही पार्किंगच्या तीन फेऱ्या मारून धक्क्याच्या अगदी तोंडाशी गाडी लावली.

ईशानला कयाक हवी होती, म्हणजे ती अरुंद होडी, जिच्यात पाय पसरून तळाशी बसायचं. भाऊजींनी साफ नकार दिला. त्यांना खुर्च्या असलेली, पायांनी वल्हवायची बोट हवी होती. ते अजून दिरहमचे रुपये करून बघतात आणि मग दचकतात, तसे ते तिकिटाच्या खिडकीशी दचकले, पण हट्ट सोडला नाही. "बसायला खुर्ची पाहिजे," म्हणाले. मी अक्काकडे बघून डोळे फिरवले.

बोटीत पुढे भाऊजी आणि ईशान, मागे आम्ही दोघी. ईशान एका गतीनं पाय मारत होता, भाऊजी दुसऱ्या, त्यामुळे बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली. "सवय आहे त्यांना, पार्किंग शोधतायत," असं मी म्हणताच अक्का जी हसायला लागली, ती थांबेचना. शेवटी रखवालीची मोटारबोट आली. तिच्यावरचा पंजाबी तरुण "अंकलजी, लेफ्ट मारो, लेफ्ट," असं बराच वेळ सांगत राहिला, आणि मग हात टेकून त्यानं आम्हाला दोरीनं बांधून काठाला आणलं. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी त्या हात हलवून स्वीकारल्या.

काठाच्या तारेवर एक हिरवा पक्षी बसला होता. मी चष्मा पुसून बघितलं, तर वेडा राघू. आमच्या क्लासच्या खिडकीसमोरच्या तारेवर बसतो तोच. पासपोर्ट काढला, व्हिसा काढला, विमानात तो थंडगार उपमा खाल्ला, आणि भेटलं कोण तर शेजारी.

कॉफीची वाटी

रात्र एका छोट्या लॉजवर काढून रविवारी सकाळी जुन्या गावात गेलो. मातीच्या भिंती, दोन बुरूज, खजुरांची बाग आणि बागेतून खळखळत जाणारा पाट. पाट बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडेही सुपारीच्या बागेत असाच पाट सोडतात, फक्त त्याच्यात पाय घालून बसलं तर कुणी फोटो काढत नाही.

बागेजवळ एका घरासमोर बोरीचं मोठं झाड होतं आणि खाली बोरांचा सडा. अक्कानं दोन उचलली न उचलली तोच घरातून पांढऱ्या कंदुऱ्यातले एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. कंदुरा म्हणजे तिथले पुरुष घालतात तो पायघोळ झगा. तो इतका पांढरा आणि इतका बिनचुणीचा होता की मी माणसाच्या आधी शिलाई बघितली. आम्हाला वाटलं, आता ओरडा बसणार. पण त्यांनी बोरं राहू दिली आणि आम्हालाच आत बोलावलं. नाव सालेम. जुन्या पिढीतल्या पुष्कळांना तिथे हिंदी येतं, त्यांनाही येत होतं.

खजूर आले, आणि वेलदोड्याची फिकट कॉफी, मूठभर वाटीत घोटभर. मी प्यायले. त्यांनी लगेच पुन्हा ओतली. पुन्हा प्यायले, पुन्हा ओतली. आपल्याकडे ताटावर दोन्ही हात आडवे धरून "पुरे, पुरे" म्हणावं लागतं, तसं मी वाटीवर हात धरून बघितला, तर त्यांना वाटलं, मला वाटी गरम लागतेय. वाढलेलं टाकायचं नाही, ह्या आमच्या आईच्या शिस्तीत मी पीतच गेले, आणि घरी आलेल्याची वाटी रिकामी ठेवायची नाही, ह्या त्यांच्या शिस्तीत ते ओततच गेले. माझं हृदय शिलाई मशीनसारखं धडधडायला लागलं तेव्हा कुठे ईशान फोनमधून डोकं वर काढून म्हणाला, "मावशी, शेक द कप." वाटी हलवली की पुरे असा अर्थ. हे त्यानं पहिल्याच वाटीला सांगायला काय हरकत होती, कोण जाणे.

"ईशानचं बोरन्हाण मी इथल्याच बोरांनी केलं होतं," अक्का सालेमना हिंदीत समजावत होती. "बच्चे के सर पे डालते हैं. बेर, कुरमुरा, सब."

"सर पे?" सालेम म्हणाले. "खाते क्यों नहीं?"

भाऊजींनी हरणांचं विचारलं. "है," सालेम म्हणाले. "ऊपर पहाड में बहुत है. मगर तुम लोग बात बहुत करता है." मग दाराशी घुटमळणाऱ्या काळ्या शेळ्यांकडे बोट करून म्हणाले, "और ये मेरा बकरी लोग ऊपर घूमता है. खाना छुपा के रखो."

हे दुसरं वाक्य आमच्यापैकी कुणीही मनावर घेतलं नाही.

चढ

ऊन उतरल्यावर पायवाटेच्या सुरुवातीला पोचलो. तिथे भाऊजींनी चप्पल... म्हणजे बूट काढले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सिंधुदुर्गात कुठलंही काम सुरू करण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं देवाला मोठ्यानं सगळं सांगायचं, मागायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. अल ऐनमधल्या मराठी मंडळींत गाऱ्हाणं घालावं ते भाऊजींनीच. बसगाड्यांच्या आवाजावर ओरडून त्यांचा गळा तयार झालाय.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, आणि पार्किंगमधली कबुतरं उडाली. "आज ही तुजी लेकरां परमुलखातल्या डोंगराक पाय लावतत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अक्का आणि मी.

"डॅड, प्लीज," म्हणत ईशान गाडीच्या पलीकडे गेला.

"तेंचे पाय सांबाळ, तेंका सुखरूप खाली हाड रे म्हाराजा." (हाड म्हणजे आण.)

"व्हय म्हाराजा."

"हय हरणां आसत म्हणतत, ती एकदा तरी दाखय रे म्हाराजा."

या वेळी "व्हय म्हाराजा" जरा मोठ्यानं झालं. वळून बघितलं तर मागे चार-पाच फिलिपिनो मुली बुटांच्या नाड्या बांधत होत्या, त्यांनीही आमच्याबरोबर म्हटलं होतं. शेवटी "आणि जो काय न्याय आसात तो कर रे म्हाराजा" ह्याला तर त्यांनी हातसुद्धा जोडले. ईशानचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

वाट सुरुवातीला सपाटच होती. तरी दहा मिनिटांत भाऊजींच्या उजव्या बुटाचा तळ सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. बूट बरीच वर्षं खोक्यात जपून ठेवलेले, तिथल्या उन्हाळ्यात चिकटवलेलं सगळं सुटतं. "झालं," भाऊजी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद पसरला. "आता काय करणार? परत फिरू. पुणं."

पण शिवणवाल्या बाईच्या पिशवीत नाडी नसेल असं होत नाही. मी परकराची नाडी काढली आणि बूट पायासकट असा आवळला की तो सुटायला कात्रीच लागावी. भाऊजी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आभार मानतायत.

चढ लागला तिथे एक मोठा दगड होता. भाऊजी त्याच्यावर बसले ते बसलेच. गुडघे चोळले, मान हलवली. "खलास. माझ्याच्यानं होत नाही. पैज हरलो मी. चला खाली."

अक्काचा चेहरा पडला. ती भांडली नाही, हे मला जास्त लागलं. ती डोंगराच्या टोकाकडे बघत म्हणाली, "बरं. पुणं तर पुणं." मला रडू यायला लागलं होतं. मी तोंड फिरवून उगाच एका काटेरी झुडपाचं निरीक्षण केलं.

भाऊजींनी खिशातून पिशवी काढली. मी गावच्या जत्रेतून आणलेलं खाजं होतं तिच्यात, गुळात घोळवलेलं. त्याला त्यांनी तीन आठवडे कुणाला हात लावू दिला नव्हता. रोज चहाबरोबर एकच कांडी काढून खायचे, डोळे मिटून. आता उरलेलं सगळं त्यांनी मांडीवर घेतलं. आणि तेवढ्यात दगडामागून एक काळी शेळी आली, सावकाश, ओळखीची असल्यासारखी. तिनं पिशवी दातांत धरली आणि निघाली.

"गो भवाने, टाक ता," भाऊजी ओरडले.

शेळी वर. भाऊजी मागे. आम्ही बघतच राहिलो. हा माणूस, जो भाजीच्या दुकानापर्यंत चालत नाही, तो नाडीनं बांधलेल्या बुटानं फटक फटक करत, वाट सोडून, खडकांवरून, शेळीला तिच्या सात पिढ्यांसकट हाका मारत चढत होता. शेळी थांबे, ह्यांना जवळ येऊ देई आणि पुन्हा उडी मारे. "डॅड, लीव्ह इट," ईशान खालून ओरडत होता. "गावचं आहे ते," वरून उत्तर आलं.

शेवटी शेळी टोकावर जाऊन थांबली. भाऊजी तिच्यापाशी पोचले तेव्हा पिशवी रिकामी होती. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले, मागे नुसतं आभाळ. आणि तेव्हा मला दिसलं की त्यांना दमसुद्धा लागलेला नाही.

"गाव," अक्का ओरडली. "अहो, तुम्ही टोकावर आहात. गाव." आणि ती पोरीसारखी वर निघाली. "वर नको," भाऊजी ओरडले, "तू तिथेच थांब, मीच खाली येतो." पण अक्का कुणाचं ऐकते? तिच्यामागून आम्हीही चढलो. वरून खाली मोरपंखी तळं दिसत होतं. चौघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, फोटो काढले. फक्त भाऊजी फोटोत हसत नव्हते. ते वाटेकडे बघत होते, खाली.

उतार

उतरताना पहिल्याच उंच पायरीला अक्का थांबली. मग खाली बसली. मी म्हटलं, दमली असेल. पण तिनं उठायचा प्रयत्न केला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आमच्या आईच्या शेवटच्या आजारपणानंतर ऐकला नव्हता. गुडघा. उजवा. सलवारीवरूनसुद्धा सूज दिसत होती.

"काही नाही, मुरगळला," अक्का म्हणाली.

"मुरगळला नाही," भाऊजी शांतपणे म्हणाले. "दोन वर्षं दुखतोय. जिना आडवी होऊन उतरतेस. विचारलं की सांगतेस, ओढणी पायात येते. वॉर्डात मात्र दिवसभर पळतेस."

अक्कानं ओढणी गुडघ्यावर ओढली. मग म्हणाली, "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"मी पहिल्यांदा दाराशी गाडी लावली तेव्हापासून."

मला ते खजुराचं झाड आठवलं. पार्किंगमधल्या त्या फेऱ्या, खुर्च्यांची बोट, लिफ्टवाला फ्लॅट. तीन आठवडे मी ज्या माणसाची मनसोक्त टिंगल केली होती, त्याला स्वतःसाठी ह्यातलं काहीच नको होतं.

"मग सांगायचं सरळ," अक्का चिडून म्हणाली. चिडली की तिला बरं वाटतं.

"एकदा सांगितलं होतं. मी नर्स आहे, मला शिकवू नका, म्हणालीस आणि चार दिवस बोलली नाहीस. म्हटलं, मग आळशी मीच ठरतो. रोज पहाटे बसच्या यार्डात मी किती चालतो ते तुला काय माहीत? आज त्या दगडावर बसून पैज हरायची, तुला न चढवता खाली न्यायचं, असं सगळं ठरवून आलो होतो." ते जरा थांबले. "पण त्या मेल्या शेळीनं घात केला."

अक्का आधी रडली की आधी हसली ते मला नक्की सांगता येणार नाही.

ईशानला कुणाला तरी फोन करून मदत बोलवायची होती. अक्कानं ठाम नकार दिला. मग मी तिच्या ओढणीची पट्टी फाडून गुडघा बांधला. "घट्ट नको, खालून वर गुंडाळ," असं पेशंट मला शिकवत होती. आणि भाऊजी एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. दोन्ही हात वर केले, बस मागे घेताना सुपरवायजर उभा राहतो तसे.

"आने दो," ते म्हणाले. "आने दो. थोडा लेफ्ट. आने दो. बस."

अक्कानं त्यांच्या खांद्यावर हात टाकून पाऊल खाली ठेवलं. "आने दो." पुन्हा एक. मोठी पिवळी बस गल्लीतून काढावी तशी भाऊजींनी माझ्या बहिणीला त्या डोंगरावरून खाली काढलं. फिलिपिनो मुली मागून आल्या आणि पुढे निघून गेल्या. जाताना एकीनं भाऊजींकडे बघून हात जोडले आणि हळूच "व्हय म्हाराजा" म्हटलं.

सपाट वाटेला लागण्याआधी आम्ही त्याच मोठ्या दगडापाशी टेकलो. सगळे थकले होते. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि आमच्या घराण्यात असं क्वचितच घडतं. ऊन डोंगराच्या शेंड्यावर गेलं होतं.

ईशाननं माझा दंड दाबला. समोरच्या उतारावर, आम्ही जिथे नुसते दगड बघत होतो, तिथला एक दगड हलला. मग दुसरा. बारीक पाय, फिकट बदामी अंग, पोटाखाली पांढरं, कपाळावर छोटी शिंगं. तीन हरणं होती, त्यातलं एक पिल्लू. ती झुडपाचा पाला खात सावकाश खाली येत होती. इतकी जवळ की पिल्लाचा कान हललेला दिसत होता.

अक्काचे डोळे भरले. "तीस वर्षं," ती पुटपुटली.

आणि भाऊजींनी बसल्या जागी हात जोडले. ह्या वेळी आवाज अगदी बारीक.

"बा देवा म्हाराजा. तू हरणां दाखयलंस, तुजे उपकार झाले रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही कुजबुजलो.

"ही बाई हट्टी आसा. जल्मभर दुसऱ्याची दुखणी बघल्यान, आपला दुखणा कोणाक सांगल्यान नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी एकटीच.

"पैज मी जितलंय, गावाक जावचा लागतला. तिका पाखाडी व्हयी. तर म्हाराजा, ती पाखाडी तरी जरा सपाट कर."

गाऱ्हाण्यात मध्ये कुणी बोलत नाही. मी तरी आजवर कुणाला बोलताना ऐकलं नव्हतं. पण अक्का बोलली.

"म्हाराजा," ती हरणांवरची नजर न हलवता म्हणाली, "पाखाडीच्या खाली, रस्त्याक लागान, आमचो मांगर आसा. थय दोन माणसांचा घर होतला."

मांगर म्हणजे शेतावरची पडवीवजा खोपटी, गवत आणि अवजारं ठेवायची. भाऊजींच्या गावी ती अगदी डांबरी रस्त्याला चिकटून आहे. दारात गाडी लागते. वर्षभर भांडताना ती कुणालाच आठवली नव्हती, कारण एकाला बोलायचं नव्हतं आणि दुसरीला ऐकायचं नव्हतं.

भाऊजी तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिले. मागणारे तेच, त्यामुळे उत्तर द्यायची त्यांना सवय नाही. पिल्लू मान वर करून आमच्याकडे बघत होतं.

"व्हय म्हाराजा," शेवटी भाऊजी म्हणाले.

कुडाळ

मी परत येऊन दोन महिने झाले. मांगराची जुनी कौलं मी उतरवून घेतली. खिडक्या कुठे, ओटा किती उंच, न्हाणीघरात धरायला दांडी कुठल्या भिंतीला, हे अक्का रोज फोनवर सांगते. आता गुडघ्याबद्दल ती स्वतः बोलते, जरा जास्तच बोलते. वरचं घर गणपतीपुरतं उघडायचं ठरलंय, तेव्हा तिला खुर्चीत बसवून चौघांनी वर न्यायचं. भाऊजींची एकच सूचना आली, बांधकामाच्या आधी कुंपण घाल, शेळ्या आत येतात.

परवा पाया खणायला घेतला. गावकर, म्हणजे गावचे मानकरी, गाऱ्हाणं घालायला आले. मी फोन चालू करून त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर अल ऐनच्या घरातले तिघं, मागे खोक्यांची रास.

"बा देवा म्हाराजा," गावकर म्हणाले, "ही तुजी लेकरां भायर गावाक गेली होती, ती आता घराक परतान येतत रे म्हाराजा."

आम्ही इथल्यांनी व्हय म्हटलं. पडद्यावर तिघांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. गावकरांनी पुढचं वाक्य घेतलं नाही. कुदळ हातात घेतलेले गडीही थांबले. माडांच्या झावळ्यांचा आवाज येत होता.

मग समुद्र ओलांडून, जरा उशिरा, ते आलं. "व्हय म्हाराजा." त्यात सगळ्यात मोठा आवाज ईशानचा होता.